वनस्पती-अर्काची चाचणी: वर्तुळ मोजण्याआधी

पहिल्याच प्लेटमध्ये अर्कात भिजवलेल्या कागदी डिस्कभोवती जिवाणू न वाढल्याचं स्वच्छ वर्तुळ दिसलं की किती आनंद होतो, ते मला ठाऊक आहे. पण आधी सांग, नुसत्या द्रावकाची डिस्क कुठे आहे? अर्क विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ स्वतःच जिवाणूंची वाढ रोखू शकतं. मिथेनॉल पूर्ण उडालं नसेल तर तेही. हा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची अर्काविना डिस्क, न ठेवल्यामुळे माझ्या महिनाभराच्या प्लेटा वाया गेल्या होत्या.

जिवाणूंचं द्रावण ०.५ मॅकफारलंड या प्रमाणित गढूळपणाला जुळव आणि १५ मिनिटांत पसरव. म्युलर-हिंटन अगरचा (जिवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमाचा) थर ४ मिमी हवा, पातळ थरात वर्तुळ उगाच मोठं दिसतं.

आणि कृपा करून नुसत्या व्यासावरून दोन अर्कांची तुलना करू नकोस. तेलकट घटक अगरमध्ये नीट पसरत नाहीत, मग चांगला अर्कही निकामी वाटतो. ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) अर्क दर पायरीला निम्मा विरळ करत एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी सर्वांत कमी मात्रा, काढ. हिरव्यागार अर्कात गढूळपणा डोळ्यांना कळत नाही, तिथे रेझाझुरिन हा रंग घाल: निळ्याचं गुलाबी झालं, म्हणजे जिवाणू जिवंत आहेत. फक्त अर्क आणि रेझाझुरिन असलेला प्लेटमधला एक खड्डाही ठेव. काही अर्क स्वतःच रेझाझुरिनचा रंग बदलतात.

बुरशीला जास्त वेळ दे. अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू मात्र अंदाजाने घेऊ नकोस, हिमोसायटोमीटरवर (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या आखीव काचपट्टीवर) मोजूनच घे.