पुरुषांनी रोमान्स कादंबऱ्या वाचायला कुठून सुरुवात करावी?

मित्रा, मुखपृष्ठावरचा उघड्या छातीचा नायक बघून बिचकू नकोस. फारच लाज वाटली तर किंडलवर वाच, लोकलमध्ये कुणाला पत्ताही लागत नाही. सुरुवात इंग्रज लेखिका जॉर्जेट हेयरच्या १९३७ सालच्या ‘ॲन इन्फेमस आर्मी’ या कादंबरीपासून कर. आधी ब्रसेल्समधले नाच, रुसवेफुगवे. मग थेट १८१५ची वॉटर्लूची लढाई, तोफा-घोडदळासकट! नायक ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या हाताखालचा अधिकारी, आणि बार्बरा नावाची विधवा त्याला पार घोळात घेते. सुरुवातीला नावं-किताबांचा गोंधळ उडेल, उडू दे. संवाद मात्र घाईत चाळू नकोस, खरी झटापट तिथंच असते. ‘शेवट गोडच होणार, मग वाचायचं कशाला?’ म्हणशील. अरे, रहस्यकथेत तरी खुनी सापडतोच ना!