संगणक-सल्ला : तापमान किती, यापेक्षा ते चढते कसे?

प्रश्न : माझ्या मुलाने २०२२ च्या दिवाळीत गेमिंगसाठी संगणक जोडून घेतला. त्यात इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ प्रोसेसर असून त्याच्या खोक्यातच मिळालेला कूलर त्यावर बसवलेला आहे. दोन वर्षांहून अधिक काळ काहीही तक्रार नव्हती. यंदा मार्चमध्ये आम्ही नाशिकरोडचे घर सोडून इंदिरानगरला राहायला आलो. एप्रिलपासून मात्र गेम सुरू केला की मिनिटभरातच चित्र अडखळू लागते आणि प्रोसेसरचे तापमान १०० अंश दिसते. दुकानदारांचे म्हणणे असे की नाशिकच्या उन्हाळ्यात हा कूलर पुरत नाही, नऊ हजारांचा लिक्विड कूलर बसवा. बसवावा का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नऊ हजार रुपये तूर्त खिशातच राहू द्यावेत. या दुखण्याचा धागा आपल्याच पत्रात आहे. फक्त तो उन्हाळ्याच्या वाक्यात नसून घर बदलल्याच्या वाक्यात आहे, असे मला वाटते.

तरीही आधी उन्हाळ्याचा हिशेब पाहू, कारण त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. कूलर हवेचा असो वा पाण्याचा, तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या तापमानापेक्षा प्रोसेसर किती अंश वर राहील, एवढेच त्याच्या हातात असते. जानेवारीतल्या रात्री आपल्याकडे खोलीत १८ अंश असतात आणि मे महिन्यात स्लॅबखालच्या खोलीत दुपारी सहज ३६ होतात. म्हणजे तोच गेम, तोच भार आणि तोच कूलर असूनही थंडीत ६८ दाखवणारा प्रोसेसर उन्हाळ्यात ८६ च्या आसपास दाखवेल, आणि त्यात काहीही बिघडलेले नसेल. आपल्या संगणकाने मात्र यापूर्वीचे दोन उन्हाळे याच कूलरवर निमूटपणे काढले आहेत. तोच ऋतू तिसऱ्या वर्षी एकाएकी असह्य व्हावा, हे पटण्यासारखे नाही.

आता १०० या आकड्याविषयी. इंटेलने या प्रोसेसरसाठी ठरवलेली कमाल मर्यादाच १०० अंश आहे. तिथे पोहोचताच तो स्वतःचा वेग उतरवतो, थोडा निवला की पुन्हा चढवतो, आणि हा खेळ सेकंदाला अनेकदा चालतो. पडद्यावर दिसणारे अडखळणे ते हेच. प्रोसेसर जळत नाही, स्वतःला वाचवतो, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र नेहमीच काठावर चालवणेही बरे नव्हे.

निदानासाठी तापमानाच्या आकड्यापेक्षा तो आकडा कसा चढतो हे पाहणे अधिक उपयोगी ठरते, आणि दुकानात नेमके तेवढेच कोणी पाहत नाही. संगणक दहा मिनिटे नुसता सुरू ठेवावा, एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम उघडून प्रोसेसरचे तापमान समोर ठेवावे आणि मग सिनेबेंचसारखी सर्व कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या सगळ्या भागांवर, एकदम भार टाकणारी चाचणी सुरू करावी. पहिल्या पाच-सात सेकंदांत आकडा ४५ वरून थेट ९५ च्या पुढे गेला आणि चाचणी थांबवताच तितक्याच झटक्यात खाली आला, तर प्रोसेसरमधली उष्णता वरच्या हीटसिंकपर्यंत, म्हणजे कूलरच्या धातूच्या ठोकळ्यापर्यंत, पोहोचतच नाही, असे समजावे. उलट आकडा दहा-पंधरा मिनिटे हळूहळू चढत राहिला आणि चाचणी थांबल्यावरही रेंगाळत उतरला, तर हीटसिंक आपले काम करत आहे, पण त्याभोवतीची हवाच तापलेली आहे. पहिला दोष संपर्काचा, दुसरा हवेचा. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत आणि कोणत्याही उपायाची किंमत नऊ हजार नाही.

खात्रीसाठी आणखी एक साधी गोष्ट करता येईल. चाचणी संपताच संगणक बंद करून, वीजपुरवठा काढून, पंखा थांबल्यावर हीटसिंकच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांना कडेने बोट लावून पाहावे. पडद्यावर १०० अंश दिसत होते आणि पाती जेमतेम कोमट लागत आहेत, तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये कुठेतरी फट पडली आहे.

ही फट कुठून येते? आपल्या कूलरला चार कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या चार खुंट्या असतात. त्या मदरबोर्डच्या भोकांतून आरपार जातात आणि मागच्या बाजूला त्यांची टोके फाकून घट्ट बसतात. कॅबिनेट उभे असले की कूलरचे सगळे वजन या खुंट्यांवर आडवे लोंबकळत असते. नाशिकरोडहून इंदिरानगरपर्यंत टेम्पोत बसलेल्या हादऱ्यांत एखादी खुंटी सुटणे सहज शक्य आहे, आणि एक जरी सुटली तरी कूलरचा तो कोपरा किंचित उचलला जातो. बाहेरून सारे जागच्या जागी दिसते, पंखाही फिरत असतो. म्हणून कोणाला संशय येत नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः जोडलेल्या एका संगणकात चारपैकी तीनच खुंट्या बसल्या होत्या आणि दोन दिवस मी बायोसमधल्या (मदरबोर्डच्या मूळ प्रोग्रॅममधल्या) सेटिंगला दोष देत बसलो होतो, हे इथे कबूल केलेले बरे.

कॅबिनेटचे मागचे, म्हणजे मदरबोर्डच्या पाठीकडचे झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात पाहावे. चारही टोके सारखीच बाहेर आलेली आणि फाकलेली दिसली पाहिजेत. एखादे टोक आत ओढलेले दिसले, तर तिथेच वरून दाबून भागवू नये. एकदा उचलला गेलेला कूलर पूर्ण काढून, जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावून मगच बसवावा. खुंट्यांच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. त्या दिशेने फिरवले की खुंटी मोकळी होते. बसवताना डोकी आधी उलट फिरवून मूळ जागी आणावीत, कॅबिनेट आडवे निजवावे आणि समोरासमोरच्या तिरप्या जोडीने, आधी एक कर्ण आणि मग दुसरा, अशा दाबाव्यात. प्रत्येक वेळी ‘कट्’ असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. तो आला तरी पुन्हा मागून पाहावे. या खुंट्यांच्या आवाजावर माझा पूर्ण विश्वास नाही.

पेस्टविषयी फार गैरसमज आहेत. जास्त लावली की जास्त थंडावा, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पेस्टचे काम एवढेच, की दोन धातूंच्या पृष्ठभागांमधल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचांतली हवा हटवून तिची जागा घ्यावी. प्रतिमीटर प्रतिअंश वॉटमध्ये मोजले तर हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६, चांगल्या पेस्टची साधारण ४ ते १० आणि तांब्याची जवळपास ४०० भरते. म्हणजे हवेपुढे पेस्ट वरचढ असली तरी धातूपुढे ती फारच कच्ची आहे, आणि तिचा जाड थर उलट अडथळाच ठरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड घेऊन दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करावेत. आपला प्रोसेसर लांबट आकाराचा असल्याने त्याच्या लांबीच्या दिशेने एक बारीक रेघ ओढली की पुरे. ती पसरवण्याचे काम कूलरचा दाब करतो.

चाचणीत दुसऱ्या प्रकारचा, हवेचा दोष निघाला, तर कॅबिनेट ठेवले आहे ती जागा पाहावी. नव्या घरात ते फर्निचरवाल्याने केलेल्या टेबलाच्या बंद कप्प्यात गेले आहे का? असे कप्पे दिसायला नीटनेटके असतात, पण मागच्या पंख्याने बाहेर फेकलेली गरम हवा कप्प्यातच फिरून पुढच्या पंख्याने परत आत ओढली जाते. कॅबिनेटचे बाजूचे झाकण उघडून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले तर दोष हवेचा. तसूभरही बदलले नाही तर पुन्हा खुंट्यांकडे वळावे. पुढच्या जाळीवर धूळ साचली असेल तर ती ब्लोअरने उडवावी, मात्र त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे; वाऱ्याच्या झोताने पंखा गरागरा फिरला की त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. इंदिरानगर परिसरात बांधकामे चालू असल्यास दर दोन महिन्यांनी हे करावे लागेल. संगणक देवघराच्या शेजारी असेल तर उदबत्तीच्या धुराने ही धूळ चिकट होते आणि नुसत्या वाऱ्याने निघत नाही, तिला ब्रश लागतो.

हे सारे नीट केल्यावरही तापमान ९० च्या वर राहिले, तरच नवा कूलर घ्यावा. तेव्हाही लिक्विड कूलरची गरज नाही. या प्रोसेसरची मूळ शक्ती ६५ वॉट आणि पूर्ण जोरात असताना कमाल ११७ वॉट आहे. १२० मिलिमीटरचा पंखा असलेला साधा टॉवर कूलर एवढी उष्णता सहज पेलतो. फक्त तो एलजीए १७०० सॉकेटचा, म्हणजे आपला प्रोसेसर मदरबोर्डवर ज्या खाचेत बसतो तिच्यासाठीचा, असल्याची खात्री करावी, कारण या सॉकेटच्या भोकांतले अंतर ७८ मिलिमीटर असते, तर आधीच्या एलजीए १२०० मध्ये ते ७५ होते. जुन्या संगणकाचा कूलर कोणी फुकट देऊ केला तरी नवे क्लॅम्प मिळाल्याशिवाय तो बसणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे रायझन ५ ५६००एक्स आहे. काहीही न करता, नुसती एखादी फाइल उघडली तरी तापमान ४२ वरून ६० वर उडी मारते आणि पंख्याचा आवाज सारखा कमी-जास्त होतो. गेममध्ये ७५ च्या आसपास राहते. पेस्ट बदलावी का? शिवाय माझ्या मावसभावाच्या रायझन ५ ७६००एक्सवर तर व्हिडिओ बनवताना ९५ दिसतात. तो ठीक आहे का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपली पेस्ट आहे तशी असू द्यावी. या प्रोसेसरचे सर्व कोअर सुमारे ८० चौरस मिलिमीटरच्या एकाच चिपवर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेत बसवलेले आहेत. एखादे छोटे काम आले की त्यातला एखादा कोअर क्षणभर ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत धावतो आणि तेवढ्यापुरती ती इवलीशी जागा तापते. कूलरपर्यंत ती झळ पोहोचण्याआधीच काम संपलेले असते. म्हणून ही उडी दोष नाही. गेममधले ७५ अंशही उत्तम आहेत, कारण या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची आहे. आवाजाचा त्रास मात्र खरा आहे. बायोसमध्ये तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवणारा आलेख ६० अंशांपर्यंत सपाट ठेवावा आणि वेग बदलण्याआधी थांबण्याची वेळ काही सेकंदांनी वाढवावी.

पुढेमागे कधी कूलर काढण्याची वेळ आलीच, तर संगणकावर आधी दहा मिनिटे भार टाकून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग संगणक बंद करून कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवावा. सरळ वर ओढल्यास आपल्या प्रोसेसरच्या एएम४ सॉकेटमधून प्रोसेसरही त्याला चिकटून उपटला जातो आणि त्याच्या पिना वाकतात.

मावसभावाच्या प्रोसेसरची गोष्ट वेगळी आहे. ती पिढी पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच स्थिरावेल अशीच घडवलेली आहे. कूलर जितका चांगला, तितका वेग जास्त, पण आकडा तोच. खोली फार तापत असेल तर बायोसमधला ६५ वॉटचा इको मोड लावून पाहावा. गेममध्ये फरक जाणवणार नाही, इतका तो थोडा असतो.

प्रश्न : चार वर्षांपूर्वीच्या लिक्विड कूलरमधून पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो आणि तापमानही वाढले आहे. त्यात पाणी भरून घ्यावे का?
— एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : हे कूलर बंद असतात, त्यांत पाणी भरण्याची सोय बहुधा नसतेच, आणि उघडल्यास वॉरंटीही जाते. आधी संगणकावर भार टाकून दोन्ही नळ्यांना हात लावून पाहावा. एक चांगलीच गरम आणि दुसरी गार लागत असेल, तर पाणी फिरत नाही, म्हणजे पंप थकला आहे, आणि अशा वेळी कूलर बदलण्यावाचून गत्यंतर नाही. दोन्ही सारख्याच कोमट असतील तर पंपात हवेचा बुडबुडा अडकलेला असण्याची शक्यता अधिक. रेडिएटरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या पंखेवाल्या जाळीचा, वरचा काठ पंपापेक्षा उंच असला पाहिजे. तो कॅबिनेटच्या तळाशी बसवला असेल तर वर हलवावा. पंपाची वायर तापमानानुसार वेग बदलणाऱ्या जोडणीत असेल, तर बायोसमध्ये तिचा वेग कायम पूर्ण ठेवावा. वॉरंटीची पावती शोधून ठेवावी. अनेक कंपन्या या कूलरना पाच किंवा सहा वर्षांची वॉरंटी देतात.

प्रश्न : उन्हाळाभर कॅबिनेटचे झाकण काढून शेजारी टेबल फॅन लावला तर चालेल का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : निदानापुरते चालेल, उन्हाळाभर नको. फॅनचा झोत आतल्या पंख्यांच्या वाहत्या हवेला आडवा जातो, आणि जाळीतून न गाळलेली धूळ थेट मदरबोर्डवर बसते. निरुपायाने काढावेच लागले, तर रात्री संगणक बंद केल्यावर झाकण आठवणीने लावावे, कारण उबेला आलेली पाल पॉवर सप्लायजवळ जाऊन बसते आणि सकाळी बटण दाबल्यावर तिच्यासह मदरबोर्डही जातो.