पिल्लाच्या डोळ्यातला पांढरा ठिपका जन्मजात आहे का, हे कसं ओळखायचं?

7 आठवड्यांचं कारवान जातीच्या कुत्र्याचं पिल्लू जतहून आणलंय, उजव्या डोळ्यात पांढरा ठिपका आहे, समोर हात नेला तरी पापणी मिटत नाही. आंधळं आहे का, असं तुम्ही विचारलंय.

हात नेऊन बघणं या वयात निरुपयोगी. ती प्रतिक्रिया सवयीनं येते. 10-12 आठवड्यांपर्यंत धडधाकट पिल्लातही नसते. त्याऐवजी कापसाचा बोळा समोरून खाली सोडा. त्याचा आवाज होत नाही, वाराही लागत नाही. नजर मागोमाग गेली तर दिसतंय. एकेक डोळा झाकून करा, नाहीतर चांगला डोळा दुसऱ्याचं झाकून नेतो.

खरी मेख ठिपका कुठल्या थरात आहे, यात आहे. अंधाऱ्या खोलीत मोबाइलची टॉर्च, उजेड मंद करून, आपल्या डोळ्यालगत धरा आणि हातभर अंतरावरून बघा. बाहुली चमकेल (या वयात निळसर, ते ठीक). चमकेत काळा डाग दिसला की तिथं उजेड अडतोय. मग बाजूनं बघा. बुबुळापासून (बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्यापासून) ठिपक्यापर्यंत बारीक धागे दिसतात का? गर्भातला पडदा पूर्ण विरघळला नाही की ते उरतात. कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराला) चिकटले तर तिथं पांढरा डाग, लेन्सला चिकटले तर तेवढ्यापुरता मोतीबिंदू. धागा बुबुळाच्या कड्याच्या मध्यातून निघाला असेल तर बहुधा जन्मजात. बाहुलीच्या काठावरच चिकटला असेल तर आतली सूज होऊन गेल्याचा संशय घ्यावा. धागाच नसेल तर भावंडाच्या नखाचा जुना व्रणही असू शकतो.

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेणार असाल तर स्लिट लॅम्प (डोळ्याचे थर मोठे करून दाखवणारा दिवा) आणि टोनोमीटर (डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र) आहे का, हे आधी फोनवर विचारा. तपासणीचा क्रम महत्त्वाचा. पहिल्यांदा अश्रू किती येतात ते मोजणारी कागदी पट्टी (मोठ्या कुत्र्यात मिनिटाला 15 मिमी किंवा जास्त; पिल्लात थोडी कमी चालते), कारण थेंब आधी पडले की आकडा बिघडतो. मग डोळ्याचा दाब, आणि त्यानंतरच बाहुली मोठी करणारे 1% ट्रोपिकामाइडचे थेंब. 20-30 मिनिटांत बाहुली मोठी झाली की लेन्स आणि मागचा पडदा (रेटिना) नीट दिसतो. लेन्स पूर्ण पांढरी असेल तर मागचं सोनोग्राफीवरच कळतं.

फ्लुरेसीनचा रंग टाकून जखम नाही याची खात्री होईपर्यंत मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणून घालू नका. दर 2 आठवड्यांनी त्याच अंतरावरून फोटो काढा. ठिपका वाढला, डोळा लाल झाला किंवा पिल्लू डोळा मिटून बसलं, तर त्याच दिवशी न्या.