स्टीलवर बसवलेलं अल्ब्युमिन एसईएममध्ये का दिसत नाही?

तुम्ही लिहिलंय की 316एल (एक प्रकारचं स्टेनलेस) स्टील तासभर अल्ब्युमिनच्या (रक्तातल्या एका प्रथिनाच्या) द्रावणात ठेवलं, वाळवलं, आणि एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) नुसते चौकोनी खडे दिसले.

ते खडे मिठाचे आहेत. पीबीएस (प्रथिन ज्यात विरघळवतात ते खारं बफर) वाळलं की सोडियम क्लोराइड मागे उरतं. ईडीएसमध्ये (एसईएमला जोडलेल्या, मूलद्रव्यं ओळखणाऱ्या तपासणीत) सोडियम आणि क्लोरीन सापडेल. अल्ब्युमिनचा एकेरी थर जेमतेम 3-4 नॅनोमीटरचा असतो, वर एसईएमसाठीचं सोन्याचं कोटिंग चढलं की तोही गाडला जातो. यासाठी एक्सपीएसच (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं मोजणारी तपासणी) घ्या, त्याला वरचे साधारण 10 नॅनोमीटरच दिसतात.

400 इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ नायट्रोजनचा पीक (आलेखातलं टोक) शोधा, कारण नायट्रोजन प्रथिनात असतो. पण 316एलमध्ये 2-3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि त्याचा 3पी पीक नायट्रोजनला अगदी खेटून येतो. तो वेगळा न काढता टक्केवारी काढली तर प्रथिन आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. म्हणून नुसत्या पीबीएसमध्ये तेवढाच वेळ ठेवलेलं कोरं सॅम्पल मोजल्याशिवाय पुढे जाऊच नका. टायटॅनियमवर ही भानगड नाही. कार्बनवर मात्र कुठेच विसंबू नका, हवेतला कार्बन प्रत्येक धातूवर बसतो. कार्बनच्या पीकला 288 इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ असलेला अमाइडचा (प्रथिनातल्या बंधाचा) खांदा नायट्रोजनबरोबर वाढला, तरच तो प्रथिनाचा.

खरी गडबड धुण्यात होते. द्रावणाच्या पृष्ठभागावर प्रथिनाची साय धरलेली असते. चिमट्याने सॅम्पल वर उचललं की ती साय धातूवर चढते आणि तुम्ही तिलाच चिकटलेला थर समजता. सॅम्पल तळाशीच राहू द्या. एका बाजूने ताजं पीबीएस सोडा, दुसरीकडून पिपेटने ओढून घ्या. भांड्याच्या पाच-सहा पट बफर गेलं की तसंच शुद्ध पाणी फिरवा, म्हणजे मीठ जाईल. मग बाहेर काढून नायट्रोजनच्या झोताने वाळवा.

पॉलिशसाठी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या लॅबमधलं मशीन चालेल. नंतर अॅसिटोन, इथेनॉल, शुद्ध पाणी असं प्रत्येकी 10 मिनिटं अल्ट्रासोनिकमध्ये धुवा आणि सगळी सॅम्पल सारखाच वेळ, समजा 24 तास, हवेत ठेवा, म्हणजे ऑक्साइडचा थर सगळ्यांवर सारखा येईल. एएफएम (बारीक टोकाने पृष्ठभागाची उंची मोजणारा सूक्ष्मदर्शक) करायचं असेल तर असं पॉलिश पुरत नाही, ओरखडेच रेणूपेक्षा उंच असतात. सिलिकॉन वेफरवर धातूची पातळ फिल्म घ्या आणि द्रवात टॅपिंग मोड (टोक हलके टिचक्या देत फिरतं) लावा, कारण कॉन्टॅक्ट मोडमध्ये सतत टेकलेलं टोक रेणूंना ढकलत नेतं.

सॅम्पल झिप पाऊचमध्ये पाठवू नका, पाऊचचं सिलिकोन लागून एक्सपीएसमध्ये 102 इलेक्ट्रॉनव्होल्टला सिलिकॉनचा पीक येऊ शकतो. स्वच्छ काचेची पेट्री डिश वापरा. आपल्याकडच्या पावसाळ्यात डेसिकेटरमधलं (सॅम्पल कोरडं ठेवणाऱ्या बंद भांड्यातलं) सिलिका जेल निळंच, म्हणजे कोरडंच, आहे ना, हे रोज बघा.