पाच हजारांत वॅगन आरची ताकद वाढवता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: २०१४ ची पेट्रोल वॅगन आर, लाखाच्या पुढे चाललेली. चार माणसं बसली आणि एसी लावला की घोडबंदर रोडवर गायमुखच्या घाटात ओढत नाही. ऑनलाइन चारशे रुपयांपासून चिप, टर्बो पंखा, कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) दिसतात. घरच्या घरी बसवता येईल असं पाच हजारांच्या आत काय घ्यावं?

यातलं काहीही घेऊ नका. पण ते पाच हजार मोडूही नका, गाडीला ते लागणार आहेत.

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं गॅरेज आहे. माजिवड्यापासून गायमुखापर्यंतच्या पट्ट्यातल्या लहान पेट्रोल गाड्या माझ्याकडे जास्त येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी आधी असलं काहीतरी लावलेलं असतं. मध्यमवर्गीय माणूस महिन्याच्या हिशोबातून पैसे काढून वस्तू घेतो, ती काम करत नाही, आणि गाडीतला खरा दोष तसाच वाढत राहतो. मला राग येतो तो या दुसऱ्या गोष्टीचा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिनची ताकद ठरते ते आत किती हवा जाते यावर. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल हवं तेवढं सोडता येतं, ते अडत नाही. अडते ती हवा. तुमचं इंजिन ९९८ सीसीचं, तीन सिलिंडरचं, हवा दाबून आत घालणारा टर्बो नसलेलं. नवीन असताना ते ६७-६८ पीएस (म्हणजे जवळपास हॉर्सपॉवर) आणि ९० न्यूटन-मीटर टॉर्क देत होतं. बाहेरून लावलेली कुठलीही वस्तू एकतर जास्त हवा आत घालेल किंवा कुठेतरी वाया जाणारी ताकद वाचवेल. दोन्हीपैकी एकही करत नसेल तर ती ताकद देऊ शकत नाही, मग पाकिटावर काहीही छापलेलं असो.

आता चिप. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गॅरेजवाले स्कॅनर लावतात तिथे) खोचायची, दिवे लुकलुकणारी जी डबी मिळते, तशी एक मी उघडून पाहिली आहे. आत एक साधी चिप, दोन-तीन एलईडी, एक बटण. गाडीच्या ईसीयूशी, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाशी, बोलायला ज्या तारा लागतात त्या पिनांना पुढे काही जोडलेलंच नव्हतं. सॉकेटमधून वीज घ्यायची आणि दिवे लावायचे, एवढंच तिचं काम. दुसरा प्रकार त्याहून वाईट, कारण तो खरंच काहीतरी करतो. आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेत एक रेझिस्टर घालतात. ईसीयूला वाटतं हवा थंड आहे, म्हणजे दाट आहे, म्हणून तो पेट्रोल वाढवतो. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर ते जादा पेट्रोल पकडतो आणि ईसीयू ते पुन्हा कमी करतो. पूर्ण पाय दाबलेला असताना मात्र ईसीयू त्या सेन्सरवर विसंबत नाही, तेव्हा पेट्रोल जास्तच जातं. हवा तेवढीच असल्यामुळे ते नुसतं वाया जातं आणि स्पार्क प्लग काळे पडतात.

टर्बो पंखा म्हणून जो विकतात त्याचा हिशोब मांडून पाहा. सहा हजार आरपीएमला तुमचं इंजिन सेकंदाला साधारण पन्नास लिटर हवा ओढतं. तेवढ्या हवेवर वीस टक्के जादा दाब चढवायचा तर सुमारे दोन किलोवॅटची मोटर लागेल, म्हणजे बारा व्होल्टच्या गाडीत दीडशे अँपिअरहून जास्त करंट. लहान गाडीचा अल्टरनेटर हेडलाइट, एसीचा पंखा, सगळं मिळून त्याच्या निम्म्याच्या आसपास देतो. विजेवर चालणारा खरा कॉम्प्रेसर अस्तित्वात आहे. ऑडीनं २०१६ च्या एसक्यू७ डिझेलमध्ये तो दिला, पण त्यासाठी ४८ व्होल्टची वेगळी यंत्रणा आणि सात किलोवॅटची मोटर होती. हजार रुपयांचा पंखा चार-पाच अँपिअरवर फिरतो. इंजिन जोरात ओढायला लागलं की तो पाइपमधला अडथळा होऊन बसतो.

कोन फिल्टरबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण तो बसवल्यावर लोक शपथेवर सांगतात की पिकअप वाढला. वाढतो तो आवाज. कंपनीचा फिल्टर डबा हवा शक्यतो बॉनेटच्या पुढच्या बाजूने, बाहेरची घेतो आणि आवाज दाबतो. तो काढून उघडा कोन लावला की इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतं. हवा दहा अंशांनी गरम झाली की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते. कापूरबावडीच्या सिग्नलला मे महिन्यात उभे असाल तर बॉनेटखाली दहापेक्षा कितीतरी जास्त फरक असतो. म्हणजे पैसे देऊन ताकद कमी केली. साधा कागदी फिल्टर स्वच्छ असेल तर या इंजिनाला लागणारी हवा तो आरामात देतो.

पेट्रोलच्या पाइपवर लावायचे लोहचुंबक तर विसराच. पेट्रोलवर चुंबकाचा जाणवण्याइतका काही परिणाम होत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं पेट्रोल वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून अधिक उपकरणं तपासली आहेत. त्यातल्या अगदी मोजक्यांनी किंचित फरक दाखवला. पाण्यापासून हायड्रोजन बनवायच्या किटचंही तेच. त्यासाठीची वीज अल्टरनेटर बनवतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं, आणि या प्रत्येक पायरीवर ऊर्जा कमी होत जाते.

टाकीत डांबरगोळ्या टाकायचा सल्ला ठाण्यात अजूनही ऐकू येतो, विशेषतः जुन्या मंडळींकडून. पूर्वी पेट्रोलचा ऑक्टेन कमी असायचा आणि नॅप्थॅलिन विरघळून तो थोडा वाढायचा, तिथून ही गोष्ट आली. आजच्या पुष्कळशा गोळ्या नॅप्थॅलिनच्या नसून पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असतात. त्यात क्लोरीन असतं आणि ते जळल्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ तयार होते. कृपा करून हे करू नका. महागडं ९९-१०० ऑक्टेनचं पेट्रोलही तुमच्या गाडीला उपयोगाचं नाही. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, ठोका न देता दाब सहन करण्याची क्षमता. ज्या इंजिनाची रचनाच साध्या पेट्रोलवर चालण्यासाठी केली आहे, त्याला ही जादा क्षमता वापरता येत नाही.

आणि कॅटकॉन, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. कुणी म्हणालं की 'कॅटकॉन फोडून देतो, गाडी मोकळी श्वास घेईल', तर तिथून गाडी बाहेर काढा. आतल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमला भंगारात चांगला भाव येतो, हे लक्षात ठेवा. तुमच्या गाडीला त्यातून मिळणारी ताकद नगण्य, आणि मागे चालणाऱ्याच्या नाकात जाणारा धूर खरा. शिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाल्यापासून नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग लोकांना फरक 'जाणवतो' तो कसा? थ्रॉटल कंट्रोलर नावाची वस्तू पाहा. ज्या गाड्यांत पॅडल तारेऐवजी सेन्सरनं काम करतं, तिथे ती पॅडलचा सिग्नल वाढवून पाठवते. तुम्ही अर्धा पाय दाबता, इंजिनाला तीन-चतुर्थांश समजतं. गाडी उड्या मारते. पण पाय पूर्ण दाबल्यावर दोन्ही सारखंच. माणसाला सुरुवातीचा झटका जाणवतो, ताकद जाणवत नाही. म्हणून काहीही बदल केला तर मोजा. सकाळी लवकर, सपाट मोकळ्या रस्त्यावर, शेजाऱ्याला मोबाइलवर स्पीडोमीटर चित्रित करायला सांगून तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ६० ला किती सेकंद लागतात ते बघा. एसी बंद, टायरची हवा तीच, माणसं तीच, दोन्ही दिशांनी. अर्ध्या सेकंदाच्या आतला फरक धरू नका.

डिझेल टर्बो गाडी असती तर माझं उत्तर वेगळं असतं. तिथे ईसीयूचं मॅपिंग बदलून वीस-पंचवीस टक्के ताकद खरोखर वाढते, कारण टर्बोचा दाब वाढवता येतो. पण ते काम स्वस्त नाही, घरी करायचं नाही, आणि क्लचला त्याची किंमत मोजावी लागते. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत तेच केलं तर हाती चार-पाच टक्के लागतात. त्यासाठी पैसे घालवू नका.

आता तुमच्या घाटाकडे येऊ. गाडी नऊशे किलोच्या आसपास, चार माणसं धरून बाराशे. समजा शंभर मीटरला सहा मीटर चढ आहे आणि वेग चाळीस आहे. नुसतं वर चढायला सुमारे आठ किलोवॅट लागतात, टायर आणि वाऱ्याचे दोनेक धरा, म्हणजे १३-१४ पीएस. एसी तीन-चार पीएस खातो. तिसऱ्या गिअरला इंजिन १८०० वर घुटमळत असेल तेव्हा ते धडधाकट असलं तरी वीसच्या आसपासच देतं. शिल्लक काही उरतच नाही. हेच इंजिन ३५०० वर ४५ पीएस देतं. म्हणजे पुढे कंटेनर रेंगाळला आणि वेग तुटला की लगेच दुसरा टाका आणि इंजिन गाऊ द्या. इंजिनाला त्याचा त्रास होत नाही. खालच्या आरपीएमला चौथ्या गिअरमध्ये कोंबलेल्या ॲक्सिलरेटरचा होतो.

दुसरा टाकूनही ओढत नसेल तर ताकद कुठेतरी हरवली आहे, आणि तुमचे पाच हजार ती शोधायला वापरा. आधी एअर फिल्टर. मेट्रो ४ च्या कामामुळे घोडबंदर रोडवर वर्षानुवर्षं जी धूळ उडते आहे, तिच्यात पुस्तिकेतला बदलाचा अवधी लागू पडत नाही, निम्म्यावर बदला. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ मध्ये इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून पाहिले होते. मायलेज जवळजवळ तेच राहिलं, वेग पकडायला मात्र जास्त वेळ लागला. म्हणून 'अॅव्हरेज तर बरोबर आहे' यावर जाऊ नका.

त्याच दिवशी तिन्ही प्लग काढून बघा. साधे प्लग तीस-चाळीस हजारांपुढे ताणू नयेत, आणि प्लग झिजलेला असला की भाराखालीच मिसफायर होतो (सिलिंडरमधलं पेट्रोल नीट पेटत नाही), सपाटीला कळत नाही. थ्रॉटल बॉडीचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा, कार्बन साफ करून घ्या. हे सगळं काही शे रुपयांत होतं आणि पहिली दोन कामं खरंच घरी करता येतात.

मग चाकं. टायरची हवा दाराच्या स्टिकरप्रमाणे भरा. पावसाळ्यानंतर आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ब्रेक कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात आणि ब्रेक किंचित लागलेलाच राहतो. थोडं चालवून आल्यावर एखाद्या चाकाची रिम बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेली आहे का ते हात जवळ नेऊन बघा, चिकटवू नका. जॅकवर उचलून चाक हातानं फिरवलं तर लगेच कळतं. गेल्या पावसानंतर माझ्याकडे आलेल्या एका गाडीचा 'पिकअप गेला' होता तो निव्वळ मागच्या ड्रममुळे.

चढावर इंजिनचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, असं होत असेल तर क्लच प्लेट संपली आहे. तिथे मात्र पाच हजार पुरणार नाहीत, थोडी भर घालावी लागेल, पण घाटातला फरक सगळ्यात जास्त त्यानेच पडेल.

एवढं करून भागलं नाही तर स्कॅनर लावून मिसफायर आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतो आहे ते) बघायला सांगा, आणि कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याची तपासणी, करून घ्या. फ्युएल ट्रिम सतत बरंच अधिकमध्ये असेल तर पंप, इंजेक्टर किंवा कुठेतरी हवेची गळती. गाडी सीएनजीवर चालत असेल (तुम्ही लिहिलेलं नाही) तर टॅपेटचं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचं) अंतर आवर्जून तपासा. गॅसवर व्हॉल्व्ह सीट लवकर झिजतात, आणि मुळात गॅसवर दहा-पंधरा टक्के ताकद कमीच मिळते, तेव्हा घाटाआधी पेट्रोलवर टाका. कॉम्प्रेशनच्या वेळी इंजिन गरम हवं, तिन्ही प्लग काढलेले हवेत आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा, नाहीतर आकडे खोटे येतात. तिन्ही सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. एक कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायला लावा: आकडा वाढला तर रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. तिन्ही आकडे कागदावर लिहून घ्या आणि इथे खाली टाका, पुढे काय करायचं ते मी सांगतो.