डब्लिनच्या दुकानांच्या काचा फोडणारे लोक कोण होते?

वाचक विचारतात

प्रश्न : मी निपाणीची. आई विड्या वळते. मी बेळगावात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. १९१६ चा आयरिश उठाव शिकवताना सर म्हणाले, "एकीकडे मूठभर देशभक्त पोस्ट ऑफिसात लढत होते आणि दुसरीकडे शहरातले भिकारी दुकानं लुटत होते. गरिबाला देश नसतो." वर्ग हसला. मला हसू आलं नाही. ते लोक खरोखर कोण होते? ते उठावाच्या विरोधात होते का? आणि परीक्षेत यावर काय लिहायचं?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : लूट झाली आणि मोठी झाली, एवढं तुझ्या सरांचं बरोबर आहे. 'गरिबाला देश नसतो' हे मात्र त्यांचं स्वतःचं मत आहे, आणि ते मला अजिबात मान्य नाही. म्हणून आज इतर पत्रं बाजूला ठेवून तुझ्या एकटीच्याच पत्राला उत्तर देते.

आधी तारखा बघ. ब्रिटिश राजवटीविरुद्धचा हा उठाव डब्लिनमध्ये सुरू झाला २४ एप्रिल १९१६ ला, ईस्टरच्या सोमवारी, आणि शरणागती झाली शनिवारी, २९ तारखेला. त्याच आठवड्यात आपल्या बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली होती आणि २८ एप्रिलला टिळकांनी इथेच होमरूल लीग स्थापन केली. 'होमरूल' ही मागणी आयर्लंडची, टिळकांनी ती तिथूनच उचलली. त्याच शुक्रवारी संध्याकाळी डब्लिनमध्ये जळतं पोस्ट ऑफिस सोडून क्रांतिकारक बाहेर पडत होते. बेळगावच्या मंडपात बसलेल्यांपर्यंत तिकडची खबर कितीशी पोहोचणार? पण आपल्या गावाचं या विषयाशी नातं आहे, ते तुला माहीत असावं.

आता सोमवार. उठावाचे पुढारी पॅट्रिक पियर्स आणि जेम्स कॉनली यांच्या माणसांनी दुपारी सॅकव्हिल स्ट्रीटवरचं जनरल पोस्ट ऑफिस ताब्यात घेतलं. पियर्सनी इमारतीसमोर प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. डब्लिनचे पोलीस बिनबंदुकीचे. त्यांच्यातले काही जण गोळीला बळी पडले आणि वरिष्ठांनी सगळ्यांनाच रस्त्यावरून आत बोलावून घेतलं. सॅकव्हिल स्ट्रीट म्हणजे शहरातली सगळ्यात झगमगीत पेठ. सुट्टी म्हणून दुकानं बंद, मोठ्या काचांमागे माल मांडलेला आणि रस्त्यावर एकही पोलीस नाही. त्या पेठेच्या पाठीमागच्या गल्ल्यांत हजारो कुटुंबं एकेका खोलीत राहत होती.

या खोल्यांबद्दल वर्गात कुणी सांगितलं नसणार, म्हणून सविस्तर लिहिते. अठराव्या शतकात उमरावांनी बांधलेले हे तीन-चार मजली वाडे. १८०० नंतर डब्लिनमधली आयर्लंडची स्वतःची संसद गेली, हळूहळू उमराव लंडनकडे गेले आणि वाडे खोलीखोलीनं भाड्यानं लागले. अंगणात एक नळ, सगळ्या वाड्याला मिळून एखाद-दुसरा संडास. हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या १४ नंबरच्या घरात १९११ च्या जनगणनेला १०० माणसं सापडली. १९१३ मध्ये सरकारनं चौकशी समिती नेमली. तिला आढळलं की अशा वाड्यांत २५,८२२ कुटुंबं राहतात आणि त्यांतली २०,१०८ कुटुंबं एकाच खोलीत. शहराची वस्ती तीन लाखांच्या आसपास असताना वाड्यांत राहणारे ८७,३०५. नगरपालिकेतलेच काही सदस्य या वाड्यांचे मालक होते, त्यामुळे दुरुस्तीचा आग्रह धरणार कोण? २ सप्टेंबर १९१३ ला चर्च स्ट्रीटवर दोन घरं कोसळली आणि सात जण मेले, तेव्हा कुठे ती समिती नेमली गेली.

त्याच वर्षी टाळेबंदी झाली. कामगार पुढारी जिम लार्किन यांच्या युनियनमध्ये राहणार नाही असं लिहून द्या, नाहीतर काम नाही, असं मालकांनी कामगारांना बजावलं. वीस हजारांवर कामगार महिनोन्महिने घरी बसले. मालकांचा म्होरक्या विल्यम मार्टिन मर्फी. शहरातली ट्राम त्याची, मोठं वर्तमानपत्र त्याचं, सॅकव्हिल स्ट्रीटवरचं क्लेरीज हे प्रचंड दुकान आणि त्यावरचं इंपिरियल हॉटेलही त्याचंच. ३१ ऑगस्ट १९१३ ला लार्किन वेश बदलून त्याच हॉटेलात शिरले आणि खिडकीतून बोलू लागले. पोलिसांनी खालच्या गर्दीवर लाठ्या चालवल्या, माणसं रक्तबंबाळ झाली. १९१४ च्या सुरुवातीला उपाशी कामगार हरले. त्याच वर्षी महायुद्ध आलं आणि त्यांच्यातले कितीतरी जण पगारासाठी ब्रिटिश फौजेत भरती झाले. उठावाच्या आठवड्यात याच रस्त्यावर क्लेरीज फुटलं. लोकांनी सूड म्हणून फोडलं असं मी म्हणणार नाही, कारण शेजारची दुकानंही फुटलीच. पण हा रस्ता त्या लोकांच्या ओळखीचा होता आणि त्यावर त्यांनी मार खाल्ला होता, हे सांगितल्याशिवाय लूट कळत नाही.

काय लुटलं ते बघ. सगळ्यात आधी नोब्लेट्स हे मिठाईचं दुकान फुटलं, आणि पोरं चॉकलेट-गोळ्यांवर तुटून पडली. मग टोप्यांचं दुकान, बुटांची दुकानं. जोडे तिथेच फुटपाथवर बसून घालून बघितले गेले, कारण घरी नेऊन मापाचे निघाले नाहीत तर परत कुठे जायचं? ज्या शहरात पोरं थंडीतही अनवाणी फिरत, तिथे बुटांच्या दुकानावर गर्दी झाली याचं मला नवल वाटत नाही. मंगळवारी लॉरेन्सच्या खेळण्यांच्या दुकानातले फटाके पोरांनी भर रस्त्यात उडवले. बाबागाड्यांत कपडे भरून बायका घरी नेत होत्या. पाद्री आले, आडवे उभे राहिले, ओरडले; गर्दी बाजूला व्हायची आणि पुन्हा जमायची. क्रांतिकारकांनी डोक्यांवरून गोळ्या झाडल्या, तरी तेच.

आता तुझा दुसरा प्रश्न. विरोधात होते का? बऱ्याच बायका होत्या, आणि त्यांच्याकडे कारण होतं. नवरा फ्रान्सच्या आघाडीवर असेल तर बायकोला सरकारकडून भत्ता मिळायचा आणि तो पोस्टातून घ्यावा लागायचा. पोस्ट ऑफिसच बंद पडलं म्हणजे घरात पैसा नाही. या बायकांनी क्रांतिकारकांना शिव्या दिल्या, अंगावर धावून गेल्या. त्याच आठवड्यात फ्रान्समध्ये हुल्लुक गावाजवळ जर्मनांनी विषारी वायू सोडला आणि आयरिश सैनिक शेकड्यांनी मेले. त्यांतल्या कितीतरी जणांची घरं डब्लिनच्या याच खोल्यांत होती.

पण पोस्ट ऑफिसच्या आत कोण होतं? कॉनलींच्या 'सिटिझन आर्मी'त गोदीवरचे हमाल होते, टाळेबंदीत काम गेलेले लोक होते. ही सेनाच मुळी १९१३ मध्ये पोलिसांच्या लाठ्यांपासून कामगारांना वाचवायला उभी राहिली. म्हणजे वाड्यातला गरीब दाराच्या आतही होता, बाहेरही होता.

मी वडगावच्या विणकराची मुलगी. बंद पुकारला की आमच्याकडे माग थांबायचे, आणि थांबलेल्या दिवसाची मजुरी मिळत नसे. आई कांड्या भरायची. बंदची बातमी आली की तिचा पहिला प्रश्न असायचा, "किती दिस हाय?" तीच आई सतरा जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना फुलं वाहायला डोक्यावर पदर घेऊन जायची, मोर्चात अनवाणी चालायची. घरात पीठ किती उरलंय याचा हिशेब करणाऱ्या बाईला देश नसतो असं कुणी म्हटलं, तर मला राग येतो. तुझ्या आईकडे बघून तुलाही आला असणार, म्हणूनच तू हसली नाहीस.

पियर्सनी मंगळवारी शहरवासीयांसाठी पत्रक काढलं. त्यात त्यांनी लुटीचा दोष 'ब्रिटिश सैन्याच्या हुजऱ्यां'वर ढकलला आणि आयर्लंडच्या नव्या अब्रूला डाग लागता कामा नये असं लिहिलं. पियर्स मोठे होते, मरणाला निर्भयपणे सामोरे गेले. तरी हे वाक्य त्यांनी लिहायला नको होतं. ज्यांच्या नावानं प्रजासत्ताक जाहीर केलं त्यांच्याकडेच त्यांनी परकं म्हणून पाहिलं.

त्या आठवड्यात लुटीकडे वेगळ्या नजरेनं पाहणारा एक माणूस होता. फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन. शांततावादी, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणारा. तो कुठल्याच बाजूनं बंदूक घेणारा नव्हता. सोमवारी डब्लिन कॅसल या ब्रिटिश सरकारच्या ठाण्याजवळ एक ब्रिटिश अधिकारी जखमी होऊन पडला होता, त्याला मदत करायला हा गोळीबारातून धावला. मंगळवारी त्यानं शहरभर नोटिसा लावल्या: लूट थांबवायला नागरिकांनी बिनहत्यारी पथक काढावं, संध्याकाळी जमावं. फारसं कुणी आलं नाही. तो पायी घरी निघाला. पोर्टोबेलो पुलावर सैनिकांनी त्याला अडवलं आणि आरोप न ठेवता बराकीत नेलं. त्या रात्री कॅप्टन बोवेन-कोल्थर्स्ट या अधिकाऱ्यानं त्याला ओलीस म्हणून छाप्यावर सोबत फिरवलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत एका पोराला गोळी घातली. बुधवारी सकाळी बराकीच्या अंगणात स्केफिंग्टन आणि दोन पत्रकार, थॉमस डिक्सन आणि पॅट्रिक मॅकइन्टायर, यांना उभं करून ठार मारलं. खटला नाही, चौकशी नाही. पुढे कोर्टमार्शलनं कॅप्टनला 'दोषी पण वेडा' ठरवलं, काही काळानं तो सुटला आणि कॅनडात जाऊन राहिला. स्केफिंग्टनची बायको हॅना. तिला सरकारनं भरपाई म्हणून १०,००० पौंड देऊ केले, ते तिनं नाकारले. लुटारूंना गोळ्या घाला म्हणणारे पुष्कळ होते. त्यांना समजावू या म्हणणारा मात्र सरकारच्याच शिपायांकडून मारला गेला.

बुधवार-गुरुवारपासून प्रश्न खेळण्यांचा राहिला नाही. ट्राम बंद, दुकानं बंद, बोलंडची बेकरी आणि जेकबचा बिस्किटांचा कारखाना क्रांतिकारकांच्या ताब्यात, रस्ते सैन्यानं अडवलेले. पाव मिळेना. पावासाठी बाहेर पडलेल्या माणसांनाही गोळ्या लागल्या. त्या आठवड्यात ४८५ च्या आसपास माणसं मेली. त्यांत निम्म्याहून जास्त सामान्य नागरिक, आणि मुलं सुमारे ४०. मेलेल्यांची यादी वाचशील तर पत्ते पुष्कळसे त्याच वाड्यांचे दिसतील.

उठाव संपल्यावर पोलिसांनी घरोघर झडती घेतली. चारशेवर लोकांवर लुटीचे खटले झाले आणि बहुतेकांना दंड किंवा तुरुंग मिळाला. या माणसांची नोंद उरली ती कोर्टाच्या वहीत. आठवणी लिहिल्या त्या हॉटेलच्या खिडकीतून बघणाऱ्यांनी, पाद्र्यांनी, अधिकाऱ्यांनी आणि क्रांतिकारकांनी. सरांनी जे सांगितलं ते तिथून आलेलं आहे. नुकसानभरपाईसाठी सरकारनं समिती नेमली, तिच्याकडे साडेसहा हजारांवर दावे आले. त्यांत मोठ्या दुकानदारांबरोबर हॉटेलात कामाला राहणाऱ्या माणसांचेही दावे होते, जळालेल्या कपड्यांसाठी. क्लेरीज १९२२ मध्ये पुन्हा दिमाखात उघडलं. प्रजासत्ताकाच्या जाहीरनाम्यात 'राष्ट्राच्या सगळ्या लेकरांना सारखं जपू' असं वचन होतं. वाडे मात्र तसेच राहिले. १९६३ च्या जूनमध्ये फेनियन स्ट्रीटवर असंच एक जुनं घर कोसळलं आणि दोन लहान मुली मेल्या. त्या वेळी आयर्लंड स्वतंत्र होऊन चार दशकं झाली होती.

परीक्षेत उत्तराची सुरुवात २४ एप्रिलपासून करू नकोस, १९१३ ची टाळेबंदी आणि चर्च स्ट्रीट इथून कर. मग सैनिकांच्या बायकांचा भत्ता, पोलीस मागे घेतले ते, पियर्सचं पत्रक आणि शेवटी खटले. शब्दमर्यादा १५० असेल तर स्केफिंग्टनवर एकच ओळ लिही, पण एका खोलीत राहणाऱ्या २०,१०८ कुटुंबांचा आकडा गाळू नकोस. आणि हा अंक सरांना वाचायला दे. त्यांचं म्हणणं वेगळं असेल तर त्यांनी कळवावं, पुढच्या अंकात मी ते छापायला सांगेन.