आजीचं देवालय कुणाच्या बाजूला?

प्रिय मनू,

तुझा मेसेज वाचला. फोनवर घाईत बोलण्यापेक्षा नीट लिहूनच उत्तर देते. तुमच्या युनिव्हर्सिटीतल्या प्रार्थनागटात वाद झाला. तुझी नायजेरियन मैत्रीण म्हणाली, आमचं चर्च आता कँटरबरीच्या आर्चबिशपना मानत नाही. एक इंग्लिश मुलगा म्हणाला, मग तुम्ही अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, कसले? आणि शेवटी दोघंही तुझ्याकडे वळले. म्हणून तू विचारतेस, "आई, आजीचं पुण्याचं देवालय नक्की कुणाच्या बाजूला? आणि गटाच्या फॉर्मवर 'चर्च कोणतं' या रकान्यात मी काय लिहू?"

वाद खरा आहे आणि मोठा आहे. ३ ऑक्टोबर २०२५ ला कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूच्या पदासाठी, सारा मुल्लाली यांचं नाव जाहीर झालं. त्या गादीवर पहिल्यांदाच एक बाई! मला फार आनंद झाला. पण दोन आठवड्यांच्या आत 'गॅफकॉन' या परंपरावादी गटाने कँटरबरीचं स्थान नाकारलं आणि खरी जागतिक अँग्लिकन मंडळी आम्हीच, असं सांगितलं. आफ्रिकेतली मोठमोठी चर्चेस या गटात आहेत. त्यांचं मूळ दुखणं आणखी जुनं आहे. समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना म्हणायला इंग्लंडच्या चर्चच्या सिनॉडने (धर्मसभेने) फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्यता दिली, ती त्यांना बायबलशी फारकत वाटते. इथे माझं मत वेगळं आहे, हे तुला माहीत आहे. मात्र जगभरच्या अँग्लिकनांचं मानाचं पान कायम इंग्लंडलाच का, हा तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न रास्त आहे. तो हसण्यावारी नेऊ नकोस.

आता आजीचं देवालय. गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय, पंचहौद मिशनचं, १८८५ सालचं. इंग्लंडहून आलेल्या काउली फादर या संन्यासी पाळकांनी आणि वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांनी ते मिशन वाढवलं. म्हणजे मुळात अस्सल अँग्लिकन. पण २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन आले; नगरच्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा ज्यात होती ते संयुक्त चर्च आलं; मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स आले. ज्यांच्याकडे बिशप नव्हते त्यांनी बिशप स्वीकारले. बाळाचा बाप्तिस्मा मानणारे आणि मोठेपणीच बाप्तिस्मा घ्यावा म्हणणारे एकाच चर्चमध्ये राहिले, आणि दोन्ही रीती चालू ठेवल्या. पाळकांची सेवा एक करताना एकमेकांवर हात ठेवले गेले. आजवर कुणाची सेवा खरी होती, कुणाची खोटी, हा निवाडा कुणी मागितला नाही. सगळे आले असं मात्र नाही. अमेरिकन परंपरेतल्या मेथडिस्टांनी ऐन वेळी माघार घेतली.

त्यामुळे आजीच्या देवालयाचा बिशप कँटरबरी नेमत नाही आणि काढूही शकत नाही. आपला सिनॉड आपला, त्याचा प्रमुख मॉडरेटर. अँग्लिकन जगाशी आपलं नातं आहे ते सोबतीचं. तिथल्या ४२ सभासद चर्चेसपैकी आपलं एक, आणि त्याच वेळी जागतिक मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड परिवारांतही आपण आहोत.

पण मला त्या देवालयाबद्दल सगळ्यात जास्त अभिमान आहे तो प्रभूभोजनाच्या प्याल्याचा. ऑक्टोबर १८९० मध्ये याच पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि पुण्यातली बरीच मोठी मंडळी एका कार्यक्रमाला गेली होती. तिथे चहा दिला गेला. पुढे गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली आणि शहरभर गदारोळ झाला. मिशनऱ्यांच्या हातचा चहा प्यायला म्हणून प्रायश्चित्ताची वेळ आली! त्याच शहरात, त्याच आवारात, वेगवेगळ्या जातींतून आलेली माणसं दर रविवारी गुडघे टेकून एकाच प्याल्याला ओठ लावत होती. माझ्या लहानपणी मी ते जवळून पाहायची: फादर प्याल्याची कड पांढऱ्या कापडाने पुसायचे, प्याला जरासा फिरवायचे आणि पुढच्या माणसाला द्यायचे. आधी कोण, मागून कोण, हे बसण्याच्या जागेवर ठरायचं, आडनावावर नाही.

म्हणून जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या २०२२ च्या लँबेथ परिषदेत काही बिशपांनी इतर बिशपांसोबत प्रभूभोजन घेतलं नाही, हे वाचून मला इतकं वाईट वाटलं. मतभेद असू देत, कडक शब्दांत असू देत. पण आपली मंडळी ज्या शहरात वाढली तिथे पंगत वेगळी मांडण्याचा अर्थ काय होतो, हे आपल्या आजी-पणजीने भोगलं आहे.

आणि मराठी माणसाने इंग्लिश चर्चपुढे मान तुकवलीच पाहिजे असंही कुणी समजू नये. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या त्याच वाँटेजला झाला. नंतर त्यांनी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनना स्पष्ट कळवलं की भटभिक्षुकांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं, आता दुसरं तसलंच मानेवर घेणार नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, हेही विचारलं. त्या ख्रिस्तावर ठाम राहिल्या आणि सिस्टरांशी पत्रांतून भांडतही राहिल्या. मला त्यांचं हे वागणं फार जवळचं वाटतं.

फॉर्मवर 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' असं पूर्ण लिही. कुणी विचारलं हे अँग्लिकन का, तर हो म्हण आणि नागपूरचं सांग. तुझ्या मैत्रिणीला नाताळच्या सुट्टीत घरी घेऊन ये. करंज्या तेव्हाच करीन, आणि तिच्या चर्चचं म्हणणं मला तिच्याच तोंडून ऐकायचं आहे.

तुझी,
आई